खुंटीवरचा लाल पंचा

या मंडळी, असे पुढे सरका. आज टाळ नाहीत, पेटी नाही. गोष्ट हळू आवाजातली आहे, लांब बसलात तर निसटून जाईल. उज्जैनच्या माधव नगरातली, एका भाऊबीजेची.

शोभामावशीने सकाळीच पदर खोचला होता. भाची निहारिका फ्रीगंजच्या बाजारात मिठाई आणायला गेली होती आणि तिचा थोरला भाऊ ओंकार पुण्याहून यायचा होता. वडील गेले तेव्हा तो म्हणाला होता, "निहू एकटी राहू शकते का ते भाऊबीजेला येऊन बघतो. नाही जमलं तर घराला कुलूप, आणि ती माझ्याकडे."

आणि घर कसं होतं? कपाटांना दारं नाहीत. डबे, कपडे, औषधं, सगळं उघड्यावर. किल्ल्या दाराशी दोरीला लोंबत. निरांजनाचं ताट खिडकीत. निहारिकेच्या विसरण्याला डॉक्टरांनी एडीएचडी असं नाव दिलं, त्याच आठवड्यात वडिलांनी, श्रीधरपंतांनी, लेकीसाठी कपाटांची दारं उतरवली होती. "नजरेआड गेलं की तिच्यापुरतं ते नसतंच," म्हणायचे. शेगडीशेजारी त्यांनी खुंटी ठोकली, तिच्यावर लाल पंचा. तिनेच नक्षी काढून भैरवगढच्या छपाईवाल्यांकडून छापून आणलेला. गॅस पेटवला की पंचा खांद्यावर. गॅस बंद केल्याशिवाय तो खुंटीवर जायचा नाही.

मावशीला हे सगळं ठाऊक होतं. पण तिला वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न. ओंकारला घर नेटकं दिसलं की पोर सुटली. कीर्तनात ऐकलेलं पद गुणगुणत, गाभारा झाडावा तशा मायेने तिने घर आवरलं. दार असलेलं एकच लोखंडी कपाट उरलं होतं, सगळं त्यात गेलं. पंचा मळलेला होता. तो धुऊन गच्चीवर वाळत घातला.

निहारिका आली आणि दारातच थांबली.

"मावशी... माझं घर कुठे गेलं गं?"

"वेडाबाई, दिवाळी आहे. बघ तरी कसं लख्ख दिसतंय!"

 तेवढ्यात ओंकारची गाडी दाराशी थांबली.

"क्या बात है, निहू!" तो आत येत म्हणाला. "घर तो चमक रहा है! मला वाटलं होतं दारात चपलांचा डोंगर चढावा लागेल."

"चहा पाजते, मग चिडव," ती हसली. मावशीचा जीव भांड्यात पडला.

निहारिकेने दूध चढवलं. सवयीने हात खुंटीकडे गेला आणि रिकामा परत आला. क्षणभर तिने स्वतःचाच खांदा चाचपला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ओंकारची हाक आली, "अगं, आधी ओवाळ तरी! मी पाटावर बसलोय, डोक्यावर रुमाल धरून. फोटोतल्या आजोबांसारखा दिसतोय."

ती ताट आणायला वळली. खिडकी मोकळी. तिने एक खण ओढला, मग दुसरा. कपाट उघडलं. साड्या, डबे, औषधं जमिनीवर येत गेली. लख्ख फरशीवर ढीग झाला आणि ढिगामध्ये ती, कपाळावर घाम. शेवटी मावशीनेच मागच्या फळीवरून ताट काढून तिच्या हातात दिलं. निहारिकेने वात नीट केली, काडेपेटी उघडली.

ओंकारने पाटावरून झेप घेऊन तिचा हात धरला.

"गॅस! वास येत नाही तुला?"

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बटण तसंच चालू. त्याने ते बंद केलं, खिडक्या धाडधाड उघडल्या. 

"ओंकार," मावशी पुढे होत म्हणाली, "मी रे... मी आवरलं घर. तिचं सगळं जागच्या जागी होतं. माझ्यामुळे झालं."

"मावशी, नको तिला पाठीशी घालू," तो थकून म्हणाला. "आवरलेल्या घरात कधी कुणाचं काही हरवतं का?"

 जन्मभर कथाकीर्तनं ऐकलेली मावशी, पण श्रीधरपंतांसारखं सांगणं तिला येत नव्हतं.

घरात काडी ओढायची कुणाची हिंमत नव्हती. निहारिकेने भावाला पुन्हा पाटावर बसवलं आणि न पेटलेल्या निरांजनाने ओवाळलं. ओंकारचे डोळे भरले होते.

"ओवाळणी काय देऊ, निहू?"

"मला इथेच राहू दे, दादा."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मान खाली घालून म्हणाला, "दुसरं काही माग."

संध्याकाळी निहारिकेला घेऊन गाडी गेली. दाराला कुलूप लावण्याआधी मावशी गच्चीवर जाऊन आली. सावलीत घडीनेच टाकलेला पंचा अजून ओलाच होता. तिने तो नेऊन खुंटीला अडकवला. त्याचा कच्चा लाल रंग थेंबाथेंबाने खालच्या स्वच्छ फरशीवर उतरत राहिला.

मंडळी, घरी जाल, देवापुढे दिवा लावाल. काडी ओढण्याआधी आमच्या निहारिकेला आठवा. एवढंच मागणं.