सुनेच्या हाती श्वास

मक्याच्या कणगीमागे मला काळा मांबा साप चावला आणि बघता बघता पापण्यासुद्धा उचलेनात. दवाखान्यात श्वासाचं यंत्र नव्हतं, म्हणून माझी सून, फुमलिले, रबरी फुगा दाबून माझ्या छातीत हवा भरत होती. डॉक्टर म्हणाले, "मेंदू श्वासाचा हुकूम सोडतोय, पण विषामुळे तो छातीपर्यंत पोचत नाही. बाकी म्हातारी जागी आहे, सगळं ऐकतेय."

माझा हुकूम कोणी ऐकत नाही, हे मला नवीनच होतं.

"ऐकू येतं, पण बोलता येत नाही?" फुमलिलेनं दोनदा विचारून घेतलं. एरवी माझ्यापुढे गुडघे टेकून, मान खाली घालून बसणारी पोरगी ही!

"सासूबाई, लग्नात लाल माती फासून गोठ्यात रडवलंत, ती रीत होती, सोडून दिलं," फुगा दाबत ती म्हणाली. "पण माझ्या आईनं विणलेली चटई कोंबड्यांखाली घातलीत!" मग जी सुरू झाली, ती थांबेचना. माझ्याकडे एकेक सणसणीत उत्तर तयार होतं, पण जीभ हलेना.

संध्याकाळपर्यंत फुगा दाबून दाबून तिचे हात भरून आले. सिस्टर म्हणाली, "दे गं, जरा मी दाबते."



"हात लावू नका! माझं निम्मंसुद्धा बोलून झालं नाही. तोवर मी ह्यांना मरू देणार नाही."