पुलापलीकडचं दुकान

नाक्यावर दारूचं नवं दुकान काढायला परवानगी द्यायची की नाही, यावर नगरपालिकेत सुनावणी चालली होती. "कुणाची हरकत?" असं अध्यक्षांनी विचारताच पहिल्या रांगेतल्या शिंपीणकाकू तरातरा उठल्या.

"माझी! आमच्या ह्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. एरवी हा माणूस खुर्ची सोडत नाही; पण घोटभर घ्यायला पुलापलीकडच्या दुकानापर्यंत तुरुतुरु चालत जातो. तुम्ही दुकान दारातच आणून ठेवलंत, की संपलंच ह्यांचं चालणं!"

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्षांनीही हसू दाबलं. "पण काकू, काका चालतच जातात कशावरून? बसनेही जात असतील."

"मी रोज मागे असते ना, लपतछपत! पडले-बिडले तर? पुलाच्या चढावर तर ह्यांच्या चपलेचा पट्टा रोज सुटतो. बसतात तिथेच वाकून खुडबुडत. शंभरदा म्हटलं, शिवून घ्या. ऐकतील तर शपथ!"

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून काकांचा हात वर झाला.

"साहेब, माझीही हरकत लिहून घ्या. चालायला डॉक्टरांनी हिलाही सांगितलंय. पण ही घराबाहेर पडते ती फक्त माझ्या पाळतीवर."

मग पायातल्या चपलेकडे बघत ते जरा ओशाळून म्हणाले, "आणि पट्टा चांगला धडधाकट आहे हो. चढावर हिला दम लागतो, म्हणून थांबतो."