करवली

गिरीज गावच्या वाडीतल्या मांडवात अंतरपाट धरल्यावर भटजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "मुलाची करवली कुठे आहे? करा घेऊन मागे बहीण उभी राहू दे." नवऱ्यामुलाची, सुजयची आई प्रेमलता पाण्याने भरलेला करा पोटाशी धरून उभी होती. सुजयला सख्खे, चुलत सगळे भाऊच. नवरीच्या आजीने सहज विचारलं, "एवढ्या मोठ्या घराण्यात एकही मुलगी नाही?" सुजयचे वडील हरिभाऊ बायकोच्या, प्रेमलताच्या कानाशी येऊन म्हणाले, "मुहूर्त टळतोय, कुणाचीही पोर उभी कर. आटप लवकर." सुजयच्या पाठीवर मुलगी आहे हे तपासणीत कळल्यावर पोट पाडायला नेताना प्रेमलता दवाखान्याच्या पायरीवर थबकली, तेव्हाही ते "आटप लवकर" असंच म्हणाले होते. कऱ्यातलं पाणी हिंदकळलं. "एक होती, आजी," प्रेमलता म्हणाली. मग तिने तो करा हरिभाऊंच्या हातात ठेवला. "तिच्या जागी सुजयच्या मागे आता तुम्हीच उभे राहा."