पडायची शिकवणी

“आजी, तू पडून मेलीस, तर तुझी सायकल मला मिळेल?”

प्रश्न मैत्रिणींचा होता. मधल्या सुट्टीत पैज लागली होती, विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं उचल. पिपाणी थोडीच मागे हटणार! ती दारात पोचायच्या आधी तिचा आवाज घरात पोचायचा, म्हणून घरीदारी सगळे तिला पिपाणीच म्हणत. आणि नववीत गेल्यापासून तर कुणालाही काहीही विचारायचा परवाना मिळाल्यासारखी ती वागत होती. तरी हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिने जीभ चावली.

आजीने वळूनही पाहिलं नाही.

“नाही मिळणार. तुला सायकल येते कुठे?”

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. पोरीला लागेल, खुपेल, या धास्तीने आई-बाबांनी तिला कधी सायकलला हात लावू दिला नव्हता. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, तरी ती बाबांच्या स्कूटरवर मागे बसून जायची.

आत्ताही त्यांनीच तिला पाठवलं होतं. सहा वाजता सायकलच्या दुकानातला माणूस येऊन आजीची सायकल कायमची घेऊन जाणार होता आणि हे आजीला सांगायची दोघांचीही छाती नव्हती. “तू सांग बाई, तुझं ऐकते ती,” असं म्हणून बाबा चहा पीत बसले होते.

सांगायला तोंड उघडलं आणि मग पिपाणीला खोली दिसली. दोन्ही पलंगांवरच्या गाद्या जमिनीवर अंथरलेल्या. कडेला बुटकं स्टूल. स्टुलावर एकाहत्तर वर्षांची आजी, महिन्यापूर्वी उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालेली, दोन्ही हातांत फरशी पुसायच्या मॉपची दांडी हँडलसारखी धरून.

“हे काय गं?”

“बघ.” आजीने हनुवटी छातीला चिकटवली, अंग आवळलं आणि डावीकडे कलंडली. धप्प! खांद्यावरून पाठीवर लोळली. दांडी हातातच.

“अगं आई गं!”

“हळू ओरड, तुझा बाप धावत येईल.” आजी गादीवरूनच बोलत होती. “तीस वर्षं हॉस्पिटलात प्लास्टरं घातली मी. मोडलेलं मनगट आलं की पहिला प्रश्न, पडताना हात पुढे केलात ना? मग झापायची एकेकाला. हँडल सोडायचं नाही, हात टेकायचा नाही! आणि सायकलवरून पडायची माझी वेळ आली तेव्हा मी काय केलं?”

“हात पुढे?”

“सपशेल! माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरींनी मला प्लास्टर घातलं आणि तोंड फिरवून खिदळल्या मेल्या. हाडाचं दुखणं गेलं, ते अजून ठणकतंय.”

“बाबा म्हणतात, या वयात सायकल नको.”

“त्याला म्हणावं, माझ्याकडे सायकलवाल्यांपेक्षा बाथरूममध्ये घसरलेले जास्त यायचे. अंघोळ सोडू का?”

पिपाणी फिस्सकन हसली. मग हळूच म्हणाली, “पण खरंच परत पडलीस तर?”

हा प्रश्न मैत्रिणींचा नव्हता. आजी उठून बसली.

“पडेन की. सीट दोन बोटं खाली घेतलीय, पाय टेकतात. रस्ता ओला असला की उतरून चालते. एवढं करूनही एखाद्या दिवशी पडेन, वाईट पडेन. पण मला बाजारात कुणी सोडायला लागत नाही, आणायला लागत नाही. ते गेलं की मी दिवसभर खिडकीत. आणि खिडकीत मला करमत नाही.”

पिपाणीला स्कूटरची मागची सीट आठवली. शेजारून हात हलवत सुसाट जाणाऱ्या मैत्रिणी आठवल्या.

“सरक,” ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

धप्प! “हात पुढे. मोडलं मनगट,” आजी म्हणाली.

धप्प! “परत मोडलं.”

सहाव्यांदा पिपाणी लोळली तेव्हा दांडी हातात होती आणि वेणी तोंडात.

“आई! पडलीस?” बाबा कप घेऊनच धावत आले. मागोमाग आई. गाद्या, स्टूल, फतकल मारून बसलेली लेक बघून दोघंही दारातच थबकले.

“पडले नाही, शिकवतेय,” आजी म्हणाली.

आईने लेकीच्या कानाशी वाकून विचारलं, “अगं, सांगितलंस का आजीला?”

“काय सांगायचंय?” आजीने विचारलं.

आईने बाबांकडे पाहिलं. सहाला दहा मिनिटं होती.

“आजी, हे तुझी सायकल देऊन टाकतायत,” पिपाणीने सांगून टाकलं. “सहाला माणूस येणार आहे न्यायला.”

आजीने मुलाकडे पाहिलं. एवढी तोंडाळ बाई, पण नुसती मनगट चोळत राहिली. बाबा कपात बघत होते.

पिपाणी उठली. कोपर लालबुंद झालं होतं, ते तिने फ्रॉकला पुसलं.

“आई, बाबा, मी ठरवलंय. तो माणूस आला की दारातूनच परत जाईल. तुम्हाला सांगायला जमत नसेल तर मी सांगते, माझा आवाज तसाही गल्लीच्या टोकापर्यंत जातो. सायकल इथेच राहील, आजी चालवेल आणि सोमवारपासून मीही शिकेन. आम्ही दोघी पडू तेव्हा पडू. तुम्हाला भीती वाटते ना? वाटू दे. तिच्यावर इलाज आहे.”

तिने बाबांच्या हातातला कप काढून घेतला आणि मॉपची दांडी दिली.

“चष्मा काढा, बाबा. पहिला नंबर तुमचा.”