शटर ओढ

"शटर ओढ," दाजी आत येत म्हणाले.

भर दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. आईस्क्रीमवाला कोनांच्या थप्प्या लावत होता. बहिणीच्या नवऱ्याला बघताच त्याचं डोकं भणभणलं.

कालच ताई येऊन गेली होती. उजवा हात सुजून टम्म. "बर्फ दे जरा," एवढंच बोलली.

"दाजींनी?" त्याने विचारलं, तर तिने मान खाली घातली आणि डोळे पुसले. आई गेल्यावर याच हाताने तिने त्याला भरवलं होतं. कालपासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"माणसांदेखत लाज वाटते होय?" त्याने शटर खाडकन खाली ओढलं. "मलाही तेच हवंय."

पहिला ठोसा तोंडावर बसला. दाजी फ्रीझरवर आदळले, काच तडकली. त्याने कॉलर धरून त्यांचं डोकं पुन्हा तिथेच आपटलं. या वेळी काच फुटली. व्हॅनिलावर रक्त ठिबकलं आणि गुलाबी ओघळ पसरले.

"ताईवर हात उचलतोस?"

दाजींनी वार अडवायलाही हात वर केला नाही. तो आणखीच भडकला. घरात वाघ आणि इथे शेळी! लोखंडी स्कूप उचलून त्याने बरगडीत हाणला. दाजी फरशीवर कोसळले.

"मार," ते धापा टाकत म्हणाले. "पण आवाज करू नकोस. बाहेर कळेल."

"कळू दे की!"

तेवढ्यात शटरवर थाप पडली. "अरे, मी आहे. उघड."

ताईचा आवाज. त्याचा ऊर भरून आला. दाजींनी त्याचा पाय गच्च धरला. "नको रे. पाया पडतो तुझ्या."

त्याने पाय झिडकारला आणि शटर वर केलं. "ये ताई. बघ कसा लोळवलाय. आता तुला बोट लावायची हिंमत नाही व्हायची."

ताई वाकून आत आली. शटर तिने स्वतःच खाली ओढलं. भावाच्या गालावरून मायेने हात फिरवला. मग नवऱ्याकडे बघितलं.

"आज इथे येऊन लपलास होय?"

तिने मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं, भावाच्या हातातून स्कूप अलगद काढून घेतला.

"सरक बाजूला," ती त्याला म्हणाली. "तुला नाही जमायचं. याला कुठे लागतं, ते मला ठाऊक आहे."