पनीरचा डबा

आईला अग्नी देऊन माणसं अकलूजच्या घरी परतली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून रीतीप्रमाणं माझ्या सासरच्यांनी सोलापूरहून कडू घास आणला. सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. माझ्यापुढं नवऱ्यानं पनीरचा डबा ठेवला. “दवाखान्यात आईजवळ बसून लई भाकरी हाणलीस. किटो डायट आजपासून परत चालू. वजन उतरल्याबिगर मूल व्हायचं न्हाय, डॉक्टर म्हणल्यात.” मी खाल्ल्याशिवाय आजारी आई जेवत नव्हती, हे त्याला माहीत होतं. वडील मला घास भरवायला आले. त्यानं त्यांचा हात धरला. “मामा, लाड नका करू.” सासूबाई कुजबुजल्या, “लोकं बघत्यात रं. आज खाऊ दे की.” “आज खाल्लं की उद्या बी खाती.” मी डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या ताटातली भाकरी उचलली. “तुमी खावा पनीर. आई माझी मेलीया.”