जित्त्या बाईचं काम

गंगाखेडच्या जुन्या गोदामातल्या योगीराजच्या स्टुडिओनं सुरुवातीपासून भुताचेच सिनेमे काढले आणि दर सिनेमात हडळ झाली ती त्याची बायको, मंजुषा. यंदा मात्र ती हटूनच बसली. "एकदा तरी मला जित्त्या बाईचं काम द्या."

योगीराजनं मायलेकराचा साधा सिनेमा काढला. वालूरच्या मंडपात पहिला खेळ लागला, तेव्हा ती पदर सावरून बायकांत बसली. पडद्यावर तिनं रडणारं लेकरू हसत उचललं, छातीशी धरलं.

"आगं माय, खाती आता त्याला!" मागून एक बाई किंचाळली आणि सगळा मंडप ओरडायला लागला.

मंजुषाला हुंदका आवरेना. योगीराज मात्र हरखून तिच्यापाशी आला.

"रडू नको. पोस्टर बदलतो. भुताचा म्हणून हा बी लय चालंल."